बाबांच्या पोटात पाणी झालंय, जुन्या ॲसिडिटीमुळे होतं का हे?

भांडुपकर:
बाबा ६१ वर्षांचे, ॲसिडिटी जन्माची, खिशात कायम जेलुसिल. दोन महिने पोट फुगतंय आणि आम्ही गॅस गॅस करत ओवा चारत बसलो, आता पँटचं बटण लागेना पण हातपाय काडीसारखे, संध्याकाळी पावलं सुजतात. सोनोग्राफीत बरंच पाणी दिसलं. डॉक्टर म्हणतात सुईने काढून तपासू. शेजारच्या काकू म्हणतात एकदा काढलं की परत परत भरतं, काढू देऊ नका. दारू म्हणाल तर गटारीपुरती.

नाइट_ड्युटी:
ॲसिडिटीने पाणी होत नाही ओ. हे पाणी जठरात नसतंच, आतड्यांच्या बाहेर पोटाच्या पोकळीत साठतं. बहुतेकदा कारण सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होतं, त्याच्याकडे रक्त नेणाऱ्या शिरेत प्रेशर वाढतं आणि पाणी झिरपतं, दारू न पिणाऱ्यालाही फॅटी लिव्हर किंवा हिपॅटायटिस बी-सी मुळे होतं. दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं ना, ते पाण्याच्या दाबाने. आपण उलटं धरून बसतो. हां, जठराचा कॅन्सर पसरला तरी पाणी होतं, म्हणून तर तपासायचंच. काकूंना सांगा, काढल्यामुळे नाही भरत, मूळ दुखणं तसंच राहतं म्हणून भरतं.

परळची_सून:
आमच्या सासूबाईंचं सेम! सगळे लिव्हर लिव्हर करत होते, पाण्यात एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) वाढलेलं निघालं आणि पुढे टीबी. पोटाचा!! खोकला नावाला नाही. सहा महिने गोळ्या, त्या सरकारीत फुकट मिळतात, आता दादरला एकट्या जाऊन भाजी आणतात. पाणी काढलंच नसतं तर कळलं असतं का?

नाइट_ड्युटी:
करेक्ट. आणि भांडुपकर, रिपोर्ट येईपर्यंत ब्रुफेन, डायक्लो असल्या पेनकिलर मनाने देऊ नका, लिव्हर असेल तर किडनीला महागात पडतं. मीठ दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, पापड लोणचं सुकट बंद. रोज सकाळी वजन लिहा. ताप आला, पोट दुखायला लागलं, बरळायला लागले किंवा शी काळी झाली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

भांडुपकर:
थँक्स, उद्या काढतायत. मीठ कमी ऐकून बाबा काही बोलले नाहीत, सुकट बंद म्हटल्यावर मात्र म्हणाले दुसरा डॉक्टर बघ.