विद्यापीठातले ग्रुप आणि परवानग्या: आयटी कक्षाने सांभाळाव्यात की विभागांनी?

सायनचा_सिसॲडमिन
माझं मत सरळ आहे. विभागांनी हाताने ग्रुप (एकसारखी परवानगी लागणाऱ्या खात्यांच्या याद्या) भरणं बंद करावं. प्रवेश पक्का झाला की पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) त्याच रात्री प्रवेश प्रणालीतून डिरेक्टरीत (सगळ्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) जावा, अभ्यासक्रमानुसार ग्रुप आपोआप लागावा आणि प्रवेश रद्द झाला की आपोआप सुटावा. कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांच्या दिवसांत हे जास्तच लागतं. बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा) घेऊन मुलगा दुसऱ्या कॉलेजात जातो आणि इथलं खातं वर्षभर उघडं राहतं, कारण कोणी कळवलेलंच नसतं.

दुसरं म्हणजे फोल्डरवर थेट माणसाचं नाव टाकूच नये. तो माणूस गेला की त्याला कुठे कुठे परवानगी होती हे शोधायला प्रत्येक फोल्डर उघडावा लागतो. खातं पुसलंत तर नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो आणि तो कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोजच्या डिरेक्टरीत) दोन थर ठेवा. 'रसायन-शिक्षक' हा माणसांचा ग्लोबल ग्रुप. 'रसायन-निकाल-वाचन' आणि 'रसायन-निकाल-लेखन' हे परवानगीचे डोमेन लोकल ग्रुप. पहिला दुसऱ्यांत घालायचा आणि फोल्डरवर फक्त दुसरे लावायचे. शेअरवरची (नेटवर्कवरून येताना लागणारी) आणि एनटीएफएसवरची (डिस्कवरच्या फोल्डरचीच) परवानगी वेगळी असेल तर दोन्हींतली कडक तीच लागू होते. म्हणून शेअरवर सैल ठेवून खरं नियंत्रण एनटीएफएसवर करावं.

विभाग_कचेरी
कागदावर छान आहे साहेब. पण सीएचबीवरचा (तासिका तत्त्वावरचा) शिक्षक शिकवायला लागतो आधी आणि त्याचा आदेश टेबलावरून टेबलावर फिरत येतो नंतर. नियमित शिक्षकांच्या पगार प्रणालीत त्याचं नाव नाही. मग तुमच्या रात्रीच्या सिंकला (नोंदी आपोआप जुळवण्याला) तो दिसणार कसा? अभ्यास मंडळावरचे बाहेरच्या कॉलेजांचे सदस्य, पाहुणे व्याख्याते, प्रॅक्टिकलचे बाह्य परीक्षक, हे सगळे तुमच्या नोंदींच्या बाहेरचे. आम्ही आयटीकडे तिकीट (मागणीची नोंद) टाकून बसायचं, तोवर वर्ग थांबत नाहीत. मग लोक विभागप्रमुखांचा पासवर्ड कागदावर लिहून एकमेकांना देतात. आता लॉगमध्ये (कोणी काय केलं याच्या नोंदीत) सगळी कामं एकाच माणसाने केलेली दिसतात, झाली सुरक्षा?

आमच्या दारात कोण शिकवतंय हे आम्हाला कळतं, आयटीला नाही. ग्रुपचा मालक विभागच हवा.

माटुंगा_मूडल
दोघांचंही थोडं चुकतंय. सत्रावर ग्रुप बांधलात की एटीकेटीवाला अडकतो. तिसऱ्या सत्रात बसलेल्या मुलाचा पहिल्या सत्रातला गणित राहिलेला असतो. 'सत्र-३' ग्रुपमध्ये त्याला घातलं की 'सत्र-१' मधून तो निघतो आणि जुन्या विषयाचं साहित्य बंद होतं. ग्रुप विषय नोंदणीवर आणि परीक्षा अर्जावर बांधा, इयत्तेवर नको.

मूडलमध्ये (कोर्सचं साहित्य ठेवायच्या प्रणालीत) कोहॉर्ट सिंक (ग्रुपवरून कोर्सची नोंदणी आपोआप करणं) लावताना आणखी एक बघा. ग्रुपमधून नाव निघाल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. तिथे नोंदणी काढून टाकण्याचा पर्याय असेल, तर एका रात्रीची फाइल अर्धवट आली तरी मुलं कोर्सबाहेर जातात आणि नोंदी परत बसवताना नाकीनऊ येतात. नोंदणी फक्त निष्क्रिय करण्याचा पर्याय निवडा. शिवाय सिंकच्या स्क्रिप्टला अट घाला: एका फेरीत पाच टक्क्यांहून जास्त नावं निघत असतील तर थांब आणि माणसाला विचार.

सायनचा_सिसॲडमिन
@विभाग_कचेरी, सीएचबीचा मुद्दा मान्य, उपाय नाही. त्यांच्यासाठी 'पाहुणे' असा वेगळा ग्रुप करू. त्यात नाव विभागाने टाकावं, पण मुदतीशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही. मुदत खात्यालाच लावायची, सत्र संपल्यावर जास्तीत जास्त १५ दिवस. वाढवायची तर पुन्हा अर्ज. या ग्रुपला निकालाच्या लेखनाचा ग्रुप कधीच जोडायचा नाही.

लिनक्सवाला_विक्रोळी
दोन थरांचं कौतुक करताना लिनक्स लॅब विसरू नका. एनएफएस (लिनक्सवर नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) साध्या ऑथ-सिस ओळखपद्धतीने चालत असेल तर क्लायंट (लॅबमधला संगणक) एका विनंतीत फक्त १६ जादा ग्रुप पाठवतो. सतरावा गप्प गळतो. शिक्षक स्वतःचे ग्रुप दाखवणारी आयडी कमांड चालवतो, ग्रुप दिसतो, तरी फोल्डर उघडत नाही आणि सगळे परवानग्या पुन्हा पुन्हा लावत बसतात. सर्व्हरवर माउंटडीला (एनएफएसच्या माउंट सेवेला) मॅनेज-जीआयडीज हा पर्याय द्या, म्हणजे ग्रुपची यादी सर्व्हर स्वतः काढतो, किंवा कर्बेरॉस या जास्त पक्क्या ओळखपद्धतीवर जा.

विंडोजवर याच जातीची तक्रार: ग्रुपमध्ये घातलं तरी उघडत नाही. टोकन (तुम्ही कोणत्या ग्रुपांत आहात याची नोंद) लॉगिनच्या वेळी बनतं. लॉगआउट करून परत या, एवढंच.

परीक्षा_कक्ष
प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरपुरती मी दोघांच्याही विरोधात आहे. तिथे ना सिंक, ना विभागाचा मालक, ना ग्रुपात ग्रुप. चारपाच नावं, प्रत्येक बदलाला दोघांची मंजुरी आणि फोल्डरवर ऑडिट (कोणी काय उघडलं याची नोंद) चालू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत. ते ज्याच्या हातात फोल्डर आहे त्याच्या हातात नसावेत.

आणि कृपा करून डिनाय (स्पष्ट नकार) वापरू नका. 'विद्यार्थी' ग्रुपला डिनाय लावता आणि पीएचडी करणारी, सोबत सीएचबीवर शिकवणारी मॅडम दोन्ही ग्रुपांत असते. एकाच फोल्डरवर थेट लावलेल्या परवानग्यांत नकार जिंकतो. ती शिक्षक असूनही बाहेर. परवानगी दिलीच नाही की पुरे होतं.

विभाग_कचेरी
मुदतीला आमची हरकत नाही. पण मग दर सत्राला आयटी ८० नावांची यादी पाठवणार आणि विभागप्रमुख न वाचता सही ठोकणार. ही तपासणी म्हणजे केवळ सोपस्कार. पूर्ण यादी नकोच. गेल्या सहीनंतर वाढलेली नावं आणि तीन महिने लॉगिन न केलेली नावं, एवढीच पाठवा. प्रत्येकापुढे 'ठेवा' किंवा 'काढा', आणि उत्तर आलं नाही तर 'काढा' धरा.

सायनचा_सिसॲडमिन
हे चालेल, आणि उत्तर न आल्यास काढण्याची जबाबदारी आयटी घेईल. फक्त तीन महिन्यांच्या खाली जाऊ नका. शेवटच्या लॉगिनची जी तारीख सगळ्या डोमेन कंट्रोलरांवर (डिरेक्टरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरांवर) पोचते ती मुळात ९ ते १४ दिवस मागे असू शकते. आठवड्याची अट लावलीत तर रोज काम करणारेही यादीत येतील.

नियमित शिक्षकांची यादी मात्र मी विभागाकडे देणार नाही.

विभाग_कचेरी
मग बदलीचा आदेश तुमच्या प्रणालीत त्याच दिवशी चढतो हे आधी दाखवा. तोवर नियमित शिक्षकांतलं नाव काढायचं बटण तरी आमच्याकडे द्या, घालायचं तुमच्याकडे ठेवा.

माटुंगा_मूडल
काढायचं बटण विभागाकडे द्यायला काय हरकत आहे? फक्त रात्रीचा सिंक ते नाव सकाळी परत घालणार नाही, यासाठी वगळलेल्यांचा वेगळा ग्रुप ठेवा आणि अंतिम यादी 'नोंदीतले वजा वगळलेले' अशी काढा.