मदत हवी आहे: हायलोनेमाच्या स्लाइडमध्ये हेक्झॅस्टर कसे?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात काचस्पंजाचा (काचेसारखा सिलिकाचा सांगाडा असलेल्या समुद्री स्पंजाचा) एक वाळलेला नमुना आहे. चिठ्ठीवर फक्त 'हायलोनेमा' एवढंच लिहिलंय. समुद्र कुठला, खोली किती, काही नाही. खाली काचेच्या लांब तंतूंचा पिळदार देठ आणि त्यावर झोअँथिडची (वसाहतीने राहणाऱ्या, प्रवाळांच्या नात्यातल्या प्राण्यांची) साल चढलेली, त्यामुळे चिठ्ठी बरोबर वाटते. पण खात्री कंटिकांवरूनच (सांगाड्यातल्या काचेच्या बारीक काट्यांवरूनच) करायची, म्हणून स्लाइड केल्या आणि तिथेच अडले आहे.

वरच्या भागातला छोटा तुकडा ब्लीचमध्ये ठेवला. मऊ भाग विरल्यावर उरलेल्या कंटिका पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन कॅनडा बाल्सममध्ये (स्लाइडसाठीच्या पारदर्शक राळेत) बसवल्या. दर वेळी गाळ पूर्ण खाली बसू दिला. घाईत पाणी ओतलं की बारीक कंटिका वाहून जातात, आणि गट ठरवायला नेमक्या त्याच लागतात. सहा भुजांच्या मोठ्या कंटिका आहेत, पण तशा काचस्पंजांच्या दोन्ही गटांत, अँफिडिस्कवाल्या आणि हेक्झॅस्टरवाल्या, असतात. अँफिडिस्क मात्र भरपूर दिसले: बारीक दांडी आणि दोन्ही टोकांना दातेरी छत्र्या.

त्यांच्यातच दोन-तीन हेक्झॅस्टरही सापडले, सहाही भुजा पुढे अनेक शाखांत फुटलेल्या! जर्मन प्राणिशास्त्रज्ञ शुल्त्सने 1886 मध्ये काचस्पंजांची विभागणी केली ती याच दोन प्रकारांवर. डीएनएवरच्या अभ्यासांतही ती टिकली आहे. अँफिडिस्क आणि हेक्झॅस्टर एकाच स्पंजाचे असूच शकत नाहीत.

मला हेक्झॅस्टर उपरे वाटतात. तुकडा पृष्ठभागाजवळचा होता, आणि समुद्रतळावर मेलेल्या शेजाऱ्यांच्या कंटिका अशा ठिकाणी अडकतात. शिवाय त्याच कपाटात युप्लेक्टेला (हेक्झॅस्टरवाल्या गटातला काचस्पंज) ठेवलेली आहे. तिची खूण असलेले फ्लोरिकोम (फुलासारखे हेक्झॅस्टर) मला दिसले नाहीत, पण तिच्यात हेक्झॅस्टरचे इतर प्रकारही असतात, त्यामुळे तिला सोडून देता येत नाही.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आतल्या भागातून नवा तुकडा घेऊन त्यात हेक्झॅस्टर मिळाले नाहीत, तर तेवढा पुरावा पुरे मानता का? की देठाजवळचाही घ्यावा? नमुना जुना आहे, उगाच कापायचा जीव होत नाही.

दुसरं, हायलोनेमाचे उपवंश (सबजीनस) अँफिडिस्कच्या आकारमानावर आणि छत्रीच्या घडणीवर ठरतात. माझ्याकडे 400 पटीचा साधा सूक्ष्मदर्शक आहे. मोठ्या अँफिडिस्कची लांबी, छत्रीची लांबी-रुंदी आणि दातांची संख्या मोजतेय. सर्वांत लहान अँफिडिस्कसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागेलच का? तुमच्यापैकी कोणी साध्या सूक्ष्मदर्शकावर उपवंशापर्यंत पोचलं असेल, तर कोणती मापं उपयोगी पडली ते कृपया सांगा.