मदत हवी आहे: स्पॅनिश बोलणारे देश आणि त्यांच्या राजधान्या मुलांच्या लक्षात कशा राहतील?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडवर घरीच स्पॅनिशचा क्लास घेते. शनिवार-रविवार, सातवी ते दहावीची नऊ मुलं. परवा त्यांची चाचणी घेतली, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

कारभार आणि रोजचं बोलणं स्पॅनिशमध्ये चालतं असे २० देश. एक स्पेन, एक आफ्रिकेतला विषुववृत्तीय गिनी आणि उरलेले १८ उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांत. मुलांनी यादी पाढ्यांसारखी घोकली. उरुग्वे मोंतेविदेओ, पाराग्वे आसुन्सिओन, एका दमात. पण कोरा नकाशा पुढे ठेवून मधलाच एखादा देश विचारला की बिचारी पहिल्यापासून म्हणत येतात. दोघांनी ब्राझीललाही स्पॅनिशमध्ये घातलं. दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे म्हणून तो ओळखीचा, पण तिथे पोर्तुगीज बोलतात. स्पेन आणि पोर्तुगालने नवे प्रदेश आपसांत वाटून घेतले त्या १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाची गोष्ट सांगितल्यावर ते मात्र पक्कं बसलं.

एका मुलाचा अनुभव सांगते. तो ओझरहून येतो, घरची द्राक्षबाग आहे. आपली द्राक्षं परदेशी जातात त्याच सुमारास चिलीचा मालही बाजारात असतो, हे तो घरात ऐकत आलाय. त्याने चिलीची राजधानी सान्तियागो नकाशावर न चुकता दाखवली, दक्षिण गोलार्धात हंगाम उलटा का असतो तेही समजावलं. बाकीच्या देशांनाही असा घरचा धागा मिळाला तर घोकायची गरजच राहणार नाही. मला हेच हवंय.

अडतंय ते असं. सान होसे, सान हुआन, सान साल्वादोर, सान्तो दोमिंगो, सान्तियागो, सगळ्यांची खिचडी होते. 'सान', 'सान्तो' म्हणजे संत, हे सांगून झालं, पण कुठला संत कुठल्या देशात ते राहत नाही. दुसरं, बोलिव्हियाची राजधानी सुक्रे लिहिली तर बरोबर द्यायचं की ला पाझ? तिसरं, उच्चार. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य, त्यामुळे कितो, माद्रिद हे आपली मुलं अगदी सहज म्हणतात. पण शाळेत क्विटो, माद्रिड. मग मी वहीत काय लिहून घेऊ?

प्रतिसाद

ताई, संतांपैकी दोघं तर देशाच्या नावातच आहेत: एल साल्वादोरचं सान साल्वादोर, डोमिनिकन प्रजासत्ताकाचं सान्तो दोमिंगो. सान्तियागो तुमच्या द्राक्षवाल्याने सोडवलं. खरा घोळ उरतो कोस्टा रिकाच्या सान होसेचा आणि पुएर्तो रिकोच्या सान हुआनचा, कारण कोस्टा रिका म्हणजे समृद्ध किनारा आणि पुएर्तो रिको म्हणजे समृद्ध बंदर. सान हुआन खरोखरच बंदर आहे. सान होसे मात्र किनाऱ्यावर नाही, देशाच्या मध्यावर डोंगरांमधल्या खोऱ्यात आहे. नकाशावर बोट ठेवून हा फरक दाखवा. आणि पुएर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे, तो २० देशांत धरू नका.

बोलिव्हियासाठी नागपूर आठवा. अधिवेशन नागपूरला भरतं म्हणून मुंबईचं राजधानीपण जात नाही, एवढं मुलांना ठाऊक असतं. बोलिव्हियाच्या राज्यघटनेत राजधानी सुक्रे आहे, सर्वोच्च न्यायालयही तिथेच. सरकार आणि संसद ला पाझला. मी पूर्ण गुण दोन्ही नावं कारणासकट लिहिणाऱ्याला देईन, पण एकटं सुक्रेही चूक धरणार नाही.

घरच्या धाग्याचं म्हणाल तर आमचं रविवार कारंजाजवळ किराणा दुकान आहे. आमच्या धंद्यात ग्वाटेमाला हे नाव वेलचीमुळे सगळ्यांना माहीत. वेलचीच्या निर्यातीत तो देश जगात सर्वांत पुढे आहे. केळ्यांच्या निर्यातीत तसाच इक्वादोर, म्हणजे तुमचं कितो. बटाटा मूळचा पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीजमधला, मका मेक्सिकोचा. मुलांना स्वयंपाकघरातच नेऊन उभं करा ना.

धागाकर्ती

दादा, वेलचीचं वाचून मी उठून डबा उघडून बघितला! येत्या शनिवारी प्रत्येकाला घरून एकेक जिन्नस आणायला सांगते, नकाशा जमिनीवर पसरून त्यावर ठेवू. पनामाला १९१४ साली सुरू झालेला कालवा आहे, कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बंद केलं, ही दोन्ही पोरांना आवडतील. उच्चारांचं मी असं ठरवलंय: क्लासच्या वहीत कितो, शाळेच्या पेपरात क्विटो, आणि का ते मुलांना मोकळेपणाने सांगायचं.

होन्दुरास आणि निकाराग्वासाठी मात्र अजून काही सापडलेलं नाही. तेगुसिगाल्पा हे नाव मुलांना म्हणायला फार आवडतं, पण ते नकाशावर कुठे ते आठवत नाही. मानाग्वाचंही तसंच. कोणाला काही सुचतंय का? शनिवारच्या आत कळवलंत तर फार बरं होईल.