मेफिल्डची माणसं वाऱ्याने मारली की रात्रपाळीने?

रानवारा:
10 डिसेंबर 2021 च्या रात्री अमेरिकेत एकामागून एक टोर्नेडो आले आणि जवळपास 90 माणसं गेली. विषय निघाला की आपल्याकडेही ‘निसर्गापुढे कोणाचं चालतं’ म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. केंटकीतल्या मेफिल्ड गावच्या मेणबत्ती कारखान्यात नाताळच्या ऑर्डरींमुळे रात्रपाळी जोरात होती. 110 जण आत. संध्याकाळी वादळाच्या इशाऱ्याचा पहिला भोंगा झाला तेव्हा काहींनी घरी जाऊ द्या म्हटलं, तर ‘गेलात तर नोकरी जाईल’ असं बजावलं गेलं, असा आरोप कामगारांनी नंतर केला. कंपनीने तो नाकारला. रात्री साडेनऊच्या सुमारास कारखाना आडवा झाला, नऊ जण मेले. त्याच रात्री इलिनॉयमधल्या एडवर्ड्सविलला अमेझॉनच्या गोदामाच्या भिंती कोसळून सहा. हे पंधरा मृत्यू कामावरचे मृत्यू म्हणूनच मोजायला हवेत.

हिशोबनीस:
मोजा की, पण मग सगळेच मोजा. मेफिल्डवरून गेलेल्या त्या एकट्या टोर्नेडोने 57 बळी घेतले. नऊ वजा केले तरी 48 उरतात, आणि त्यातले बहुतेक आपापल्या घरात होते. त्याच वाटेवरच्या डॉसन स्प्रिंग्ज गावात कोणता मुकादम दार अडवून उभा होता? 266 किलोमीटरचा पट्टा, ताशी 300 किलोमीटरचा वारा. लाकडी सांगाड्याची घरं पायापासून उखडली. कामगारांना लवकर सोडलं असतं तर ते याच घरांत जाऊन बसले असते.

रानवारा:
काही जण बसले असते, काही नातेवाइकांकडे पक्क्या घरात गेले असते. निवड त्यांची असती. आणि एक सांगू? त्या पाळीत जवळच्या तुरुंगातून कामाला आणलेले सात कैदीही होते. त्यांना तर ‘घरी जातो’ म्हणायचीही सोय नाही. सातही वाचले, त्यांना घेऊन आलेला तुरुंगाचा कर्मचारी गेला.

टेनेसीची_सून:
मी नॅशव्हिलजवळ राहते. इथल्या पुष्कळ घरांना तळघर नसतं, थेट काँक्रीटच्या लादीवर उभी असतात. फोनवर वादळाचा इशारा कर्कश वाजला की बिनखिडकीच्या बाथरूममध्ये डोक्यावर उशा घेऊन बसायचं, एवढीच तयारी. एप्रिल-मे हा टोर्नेडोचा हंगाम, तेव्हा लोक सावध असतात. डिसेंबरात दारात नाताळचं झाड सजलेलं असतं, रात्र लवकर पडते आणि काळोखात टोर्नेडो दिसतच नाही. 2023 च्या डिसेंबरात क्लार्क्सविलला आणि नॅशव्हिलच्या उत्तर भागात पुन्हा माणसं गेली. रानवारा, तुमचा राग समजतो, पण मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांबद्दल कोणीच बोलत नाही. चाकांवर आणलेलं घर ते, पट्ट्यांनी जमिनीला बांधलेलं. त्याला इशारा देऊन काय उपयोग, पळायला जागा नको का?

आडवाट:
मूळ कारण सोडून भलतीकडेच भांडताय. त्या दिवशी टेनेसीतल्या मेम्फिसला पारा 26 अंशांच्या आसपास होता, डिसेंबरात! मेक्सिकोच्या आखातावरून दमट, ऊबदार हवा थेट उत्तरेकडे सरकलेली. पाचच दिवसांनी मिनेसोटात टोर्नेडो झाला, त्या राज्यात डिसेंबरात नोंदलेला पहिलाच. हवामानबदल याहून किती स्पष्ट दिसायचा?

हिशोबनीस:
दमट हवा हा अर्धा भाग झाला. वर जाताना वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलावी लागते, तरच ढग गिरकी घेतो, आणि तो बदल थंडीत जास्तच असतो. तापमानवाढीने त्यात काय होतं यावर शास्त्रज्ञ अजून सावध बोलतात. एका टोर्नेडोवर असं बोट ठेवता येत नाही. उगाच ठेवू नये.

रानवारा:
हिशोबनीस, इथे मी तुमच्या बाजूने. पण अर्कान्सासमधलं मोनेट बघा. मेफिल्डवर आलेल्या त्याच ढगाने आधी तिथल्या वृद्धाश्रमाचं छप्पर उडवलं. कर्मचाऱ्यांनी साठ-सत्तर म्हाताऱ्यांना आतल्या बोळात नेऊन बसवलं होतं. गेला एक. इमारत पडली म्हणजे माणसं मरणारच, हे गृहीत कशाला धरायचं? आणि अमेझॉनच्या त्या गोदामात इशारा द्यायचा मेगाफोन कुलपात होता, असं अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्यानेच लिहिलं. दंड शून्य, कारण किमान नियम पाळलेले होते! मग नियमच बदला. त्या पट्ट्यातल्या काही राज्यांत नव्या शाळांना वादळ-निवारा सक्तीचा आहे, कारखान्यांना का नाही?

हिशोबनीस:
कारखान्याला सक्ती करा, माझी हरकत नाही. ताशी 300 किलोमीटरला टिकणारी खोली बांधता येते, तंत्र जुनं आहे. पण मालकाकडून पंधरा जणांचा हिशोब चुकता झाला की तुम्ही थांबणार. वर टेनेसीवाल्या ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर द्या. ज्याचं घरच भाड्याच्या जागेवर पट्ट्यांनी बांधलेलं आहे, त्याच्या निवाऱ्याचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं?

टेनेसीची_सून:
मोबाइल होमची जागा भाड्याने देणाऱ्याच्या. महिन्याचं भाडं तो घेतोच ना. शंभर घरांमागे एक काँक्रीटची खोली, एवढंच मागतेय.