डीएलएडचं शेवटचं वर्ष: वर्गातल्या सगळ्या मुलांना शिकवायची तयारी कशी करू?

धुळ्याची_छात्राध्यापिका

नमस्कार. मी डीएलएडच्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, धुळ्याचीच. आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याच्या सरावासाठी, सध्या साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाते. शाळा दोनशिक्षकी आहे. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते, पट २३.

मागच्या गुरुवारी माझा निरीक्षण पाठ होता. विषय मराठी, चित्रवर्णन. तीन रात्री जागून मी आठवडी बाजाराचा तक्ता रंगवला होता. त्यात भाजीवाली होती, सुक्या मासळीची टोपली होती, बैलगाडी होती, फुगेवाला होता. पाठाचं लेखी टाचण पूर्ण होतं. सुरुवातीला तक्ता हातात घेऊन मी मुलांमधून फिरले. शेवटच्या ओळीत दुसरीतली एक मुलगी बसते. तिच्याजवळ वाकून विचारलं, "फुगेवाला कुठे आहे गं?" तिने लगेच बोट केलं आणि म्हणाली, "तठे शे."

मी म्हटलं, "तठे शे नाही, तिथे आहे म्हण." वर्ग हसला.

मग तक्ता टांगून मी फळ्याशी गेले. लिहिता लिहिता प्रश्न विचारत होते. तिला नाव घेऊन दोनदा विचारलं. ती शेजारणीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, बोल की!" तिने मान खाली घातली आणि रडायला लागली. तासाच्या शेवटापर्यंत तिने पुन्हा वर बघितलं नाही.

निरीक्षण वहीत शेरा आला: तक्ता आकर्षक, फलकलेखन सुंदर, वर्गनियंत्रण चांगले. २० पैकी १७ गुण.

मी घरी आजीशी अहिराणीच बोलते. मीसुद्धा 'शे'च म्हणते. तरी त्या मुलीला मी अडवलं, कारण मागे निरीक्षक बसले होते. दुपारी खिचडी खाताना मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले, तर ती तिच्या शेळीच्या दोन करडांबद्दल भडाभडा बोलली. म्हणजे बोलता येत नाही असं अजिबात नाही.

समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे सगळ्या मुलांना एकाच वर्गात शिकवण्याच्या, नोट्स माझ्याकडे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार मला पाठ आहेत. परीक्षेत मी ते लिहीन. पण त्या २३ जणांसमोर उभं राहिल्यावर त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. वर्ष संपायला सात महिने आहेत. या सात महिन्यांत मी काय शिकू, कुणाकडे जाऊ, कशाची सवय लावून घेऊ? कृपया अनुभवातून सांगा.

---

खडूची_भुकटी

ताई, आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पेपर एक १५० गुणांचा, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे ३० प्रश्न असतात, त्यात समावेशनही येतं. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक. मन दुखावण्यासाठी सांगत नाही. नेमणूकच झाली नाही तर ही तळमळ वापरायला वर्ग मिळणार नाही. रोज दोन तास अभ्यासाचे बाजूला काढा, बाकीचा वेळ मुलांना द्या.

---

फिरता_विशेष_शिक्षक

मी समग्र शिक्षा या शासकीय योजनेमधून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक म्हणून काम करतो. माझ्याकडे बऱ्याच शाळा आहेत, त्यामुळे एका शाळेत महिन्यातून एखाद-दोनदा पोहोचतो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळेजण भाषेवर बोलतील आणि ते बरोबरच आहे. पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून बघा.

तुम्ही जवळ वाकून विचारलंत, तेव्हा तिने लगेच उत्तर दिलं. तुम्ही फळ्याकडे तोंड करून विचारलंत, तेव्हा ती शेजारणीच्या तोंडाकडे बघत राहिली. खिचडीच्या वेळी शेजारी बसलात, तेव्हा भडाभडा बोलली.

मॅडम, त्या मुलीचे कान तपासून घ्या. कदाचित माझी शंका चुकीची ठरेल, तसं झालं तर मला आनंदच आहे. पण या वयात कान वाहणं आपल्या भागात खूप दिसतं. पडद्याला भोक असलं की ऐकू येणं कमी होतं, आणि सर्दी-पावसाच्या दिवसांत आणखी. असं मूल बहिरं दिसत नाही. हाक मारली की वळतं, म्हणून घरच्यांच्याही लक्षात येत नाही. फक्त लांबून आलेलं बोलणं त्याला अर्धवट कळतं, आणि आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो.

सोमवारी एक करून बघा. ती दुसऱ्या कशात गुंतलेली नसताना तिच्या मागे हातभर अंतरावर उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी म्हणा: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की तिने एक खडा डब्यात टाकायचा. मध्ये मध्ये नुसत्या गप्प राहा, म्हणजे ती अंदाजाने टाकते का तेही कळेल. मग तीन मीटरवरून तेच. हा खेळ म्हणून पाच-सहा मुलांबरोबर घ्या, तिला एकटीला उभी करू नका. यावरून निदान होत नाही आणि तुम्ही ते करायचंही नाही. डॉक्टरांकडे पाठवायला हवं का, एवढंच यातून ठरवायचं.

आईला विचारा: कान कधी वाहतो का, पू येतो का, वास येतो का. कानात तेल, लसणाची फोडणी असलं काही घालत असतील तर थांबवायला सांगा, आणि आंघोळीला पाणी जाऊ देऊ नका म्हणावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट बघत बसू नका, सरळ ग्रामीण रुग्णालयात पाठवा.

आता जे नोट्समध्ये सापडत नाही ते सांगतो. कायद्यात कर्णबधिर म्हणजे दोन्ही कानांत ७० डेसिबल, आणि ऐकू कमी येणारा म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट. एका कानाची तूट असलेली, किंवा दोन्ही कानांना ४०-४५ असलेली मुलगी यात बसत नाही. तिला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे माझ्या यादीत तिचं नाव नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी येणार नाही. पण तुमच्या वर्गात तिचा निम्मा तास हवेत जातो. अशी यादीबाहेरची मुलं यादीतल्यांपेक्षा जास्त आहेत असं माझं इतक्या वर्षांचं बघणं सांगतं, आणि ती फक्त वर्गशिक्षकालाच दिसू शकतात.

तिला पुढे बसवा, ज्या कानाने बरं ऐकू येतं तो तुमच्याकडे असू द्या. फळ्यावर लिहून झालं की वळा आणि मग बोला. उन्हाच्या खिडकीला पाठ करून उभ्या राहू नका, तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. आणि मोठ्याने ओरडू नका. ओरडल्यावर शब्द स्पष्ट होत नाही, फक्त चेहरा रागावलेला दिसतो.

---

एका_मुलाची_आई

मी शिक्षिका नाही. माझा मुलगा तिसरीत आहे, त्याला जन्मतः मेंदूचा पक्षाघात आहे, वॉकर घेऊन चालतो. ताई, एकच सांगते.

पहिलीत होता त्या शाळेत रॅम्प होता, आम्हाला उद्घाटनाचा फोटोही दाखवला होता. स्वच्छतागृहाला मात्र दोन पायऱ्या होत्या. माझा मुलगा सकाळी घरून निघाल्यापासून पाणी प्यायचा नाही. बाटली भरलेली परत यायची. मी त्याला रागवायची. चार महिन्यांनी लघवीचा जंतुसंसर्ग झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, आणि त्याने त्यांना सांगितलं. मला सांगितलं नव्हतं.

आताच्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी मला फाईल मागितली नाही. त्यांनी विचारलं, "लघवीला जायचं असेल तर तो कसं सांगतो? आणि कुणाची मदत त्याला चालते?" मी रस्त्यावर येऊन रडले. तुम्ही नवीन शाळेत गेलात की मुलांच्या आधी स्वच्छतागृहापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा. आणि भरलेल्या बाटल्या बघा.

---

सातपुड्याचे_मास्तर

ताई, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेत होतो. आधी साक्री, मग शिरपूरच्या डोंगरात, शेवटी पुन्हा साक्री. निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

विशेष शिक्षक सरांनी कानाचं बरोबर पकडलं, ते आधी करा. मी भाषेचं सांगतो. ती 'तठे शे' म्हणाली तेव्हा तिने तुमचा प्रश्न समजून घेतला होता, चित्र वाचलं होतं आणि पूर्ण वाक्यात उत्तर दिलं होतं. चित्रवर्णनाच्या पाठात याहून जास्त काय हवं होतं? तिथे म्हणायचं, "हो, तिथे आहे. अन् त्याना हातमा काय शे?" तिचं उत्तर घ्यायचं, आपल्या तोंडून प्रमाण वाक्य सहज पुढे ठेवायचं आणि लगेच पुढचा प्रश्न. दुरुस्ती म्हणून नाही, गप्पा म्हणून. शंभरदा ऐकलं की ते तिच्या तोंडात येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं आणि मूल भयमुक्त असावं, दोन्ही लिहिलेलं आहे. निरीक्षकांनी विचारलं तर तेवढं सांगा.

माझ्या वर्गात फळ्याच्या उजव्या कडेला कायम दोन रकाने असत: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द. अठे–इथे, आंडोर–मुलगा. मुलं रोज घरून शब्द आणायची. वर्षाअखेर ती वहीच आमचं वाचनाचं पुस्तक व्हायची. पण आपली अहिराणी म्हणजे सगळ्यांची घरची भाषा असं समजू नका. शिरपूरकडे पावरा आदिवासी मुलांसमोर माझी अहिराणीही परकीच होती. पहिले दोन महिने चौथीतली एक मुलगी माझी दुभाषी होती. पहिलीतल्या लेकरांना मी काय म्हणतो ते ती सांगायची, आणि ते काय म्हणतात ते मला. तिच्याकडून मी रोज पाच शब्द लिहून घ्यायचो. त्या वर्षी माझी खरी डीएड झाली.

तयारीचं विचारलंत, तर मला सर्वात उपयोगी पडलेली सवय चिंचोक्यांची. मी वर्गात जाताना डाव्या खिशात पटाइतके चिंचोके घालायचो. एखादं मूल माझ्याशी स्वतःचं काही बोललं की एक चिंचोका उजव्या खिशात. सगळ्या वर्गाने एका सुरात 'होऽऽ' म्हटलेलं धरायचं नाही. शाळा सुटली की डाव्या खिशात उरलेले मोजायचे. सहा उरले तर ती सहा नावं आठवायची. हजेरीपट बघायचा नाही. मला पहिल्या आठवड्यात रोज पंधराच्या वर उरायचे, आणि मला वाटत होतं की मी वर्गाशी खूप बोलतो. जे नाव आठवायला सर्वात जास्त वेळ लागतो, त्या मुलाजवळ दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वात आधी जायचं.

कधी जमलं तर डहाणूजवळ कोसबाडला जाऊन या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत हे बघून त्यांनी कुरणातच शाळा नेली, कुरणशाळा. 'मुलं येत नाहीत' हे वाक्य त्यांनी मुलांवर ठेवलं नाही. नवीन शिक्षकाने ती जागा पायांनी बघावी असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या मुलीची माफी मागा. वर्गासमोर अडवलं, तर वर्गासमोरच.

---

धुळ्याची_छात्राध्यापिका

सर्वांना, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उशिराबद्दल क्षमा.

सोमवारी खड्यांचा खेळ घेतला, सहा मुलांबरोबर. हातभर अंतरावरून तिने 'स' सोडून सगळे खडे टाकले. तीन मीटरवरून फक्त 'आ' आणि 'ऊ'. 'श', 'स' आणि 'म'ला ती तशीच बसून राहिली, खडा मुठीत घट्ट धरून.

संध्याकाळी वर्गशिक्षक सरांबरोबर तिच्या घरी गेले. आई म्हणाली, कान तर दर पावसाळ्यात वाहतो, कापूस घालतो आम्ही, बंद होतो. मोठ्या भावाचाही वाहायचा. ग्रामीण रुग्णालयात दोन्ही पडद्यांना भोक असल्याचं सांगितलं, औषध दिलं, आणि श्रवण तपासणीसाठी धुळ्याला पाठवलं आहे. पुढच्या मंगळवारची तारीख आहे. आईचा रोज बुडतो म्हणून मी आणि आजी बरोबर जाणार आहोत. आजी तिच्याशी माझ्यापेक्षा छान बोलते.

माफी मागितली. वर्गासमोर म्हटलं, "त्या दिशी मन्ही चूक व्हयनी. तठे शे हाई बरोबरच व्हतं." आधी सगळे गप्प झाले. मग पहिलीतला एक जण म्हणाला, "बाई, तुम्हले बी येस?" त्या दिवशी दोन रकाने सुरू केले, पहिला शब्द तिचाच घेतला. ती आता पहिल्या ओळीत, डाव्या टोकाला बसते. मी लिहून झाल्यावर वळून बोलायची सवय लावते आहे. अजून विसरते. विसरले की शेजारची मुलगी मला हाक मारते, तसं मीच तिला सांगून ठेवलं आहे.

स्वच्छतागृह बघितलं. दाराला आतून कडी नाही, म्हणून दुसरीतल्या मुली दिवसभर जात नाहीत, हे मला तीन महिन्यांत ठाऊक नव्हतं. सरांनी शनिवारी कडी बसवून घेतली.

आम्हाला साडी सक्तीची आहे, म्हणून आजीचा दोन कप्प्यांचा बटवा कमरेला लावते. आज डाव्या कप्प्यात सहा चिंचोके उरले. चार नावं लगेच आठवली. पाचवं फाटकाशी आठवलं. सहाव्यासाठी मला एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जावं लागलं.