कोलरिज आणि साउदी : मैत्री नेमकी कुठे तुटली?

पाणकळा
इंग्रज रोमँटिक कवींवरच्या एका लेखासाठी हे प्रकरण लावून बघतेय. जून १७९४ मध्ये ऑक्सफर्डला ओळख, लगेच अमेरिकेत समतेची वसाहत वसवायचा बेत (त्यालाच ते 'पॅन्टिसॉक्रसी' म्हणत), आणि १७९५ संपायच्या आत अबोला. बहुतेक ठिकाणी 'पॅन्टिसॉक्रसी फसली आणि मैत्री संपली' एवढ्यावर विषय उरकलेला असतो. मग १८०३ मध्ये साउदी कोलरिजच्याच घरी बिऱ्हाड करतो ते कसं? तारखा आणि पैशांचा हिशेब हवाय. आणि आडनाव सदी की साउदी?

जुनी पोथी
साउदी लिहा. बायरनने 'डॉन जुआन'मध्ये त्याचं यमक 'तोंडाळ' अर्थाच्या 'माउदी'शी जुळवलंय. हेतू खवचट, पण उच्चाराचा पुरावा म्हणून उपयोगी.

आता पैसे. कोलरिजचा मित्र टॉमस पूल याच्या १७९४ च्या पत्रात आकडे आहेत: बारा पुरुष, बारा स्त्रिया, दर पुरुषामागे १२५ पौंड, निघायचं पुढच्या एप्रिलमध्ये. दिवसाला दोन-तीन तास श्रम केले की पुरे, बाकी वेळ वाचन आणि चर्चा. जागा ठरली पेनसिल्व्हेनियातल्या ससक्वेहाना नदीकाठची. म्हणजे एकूण दीड हजार पौंड हवेत. कोलरिजच्या डोक्यावर केंब्रिजचं कर्ज. साउदीची भिस्त मावशीवर, तर तिने बेत आणि ठरलेलं लग्न कळताच ऑक्टोबरमधल्या पावसाळी रात्री त्याला घराबाहेर काढलं. ब्रिस्टलचा प्रकाशक जोसेफ कॉटल मदतीला आला खरा, पण साउदीच्या 'जोन ऑफ आर्क' या महाकाव्याला ५० गिनी आणि कोलरिजच्या कवितांना ३० गिनी, एवढ्यात कुठली वसाहत उभी राहणार!

तडा मात्र पैशांच्या आधीच गेलेला दिसतो. साउदीला सोबत नोकर न्यायचे होते. सगळे समान म्हटल्यावर नोकर कसले, हा कोलरिजचा सवाल. मग साउदी म्हणाला, अमेरिकेआधी वेल्समध्ये शेती करून बघू. पुढे मित्र चार्ल्स विनने त्याला वर्षाला १६० पौंड द्यायचं कबूल केलं, आणि पाच-सहा एकरांचं शेत तेवढं सामाईक, बाकी ज्याचं त्याचं, इथवर गाडी घसरली. लिस्बनला असलेल्या मामाच्या मनात भाच्याला पाद्री करायचं होतं, साउदी वकिलीकडे झुकला. ससक्वेहाना राहिली बाजूला.

तळटीप
पाच-सहा एकरांची गोष्ट आपल्याला कळते ती कोलरिजने साउदीला लिहिलेल्या १३ नोव्हेंबर १७९५ च्या पत्रातून. ते लांबलचक फिर्यादपत्र आहे, इतिवृत्त नव्हे. कॉटलच्या आठवणींतही कोलरिजने साउदीचं व्याख्यान स्वतःकडे मागून घेतलं, श्रोते जमले आणि हा फिरकलाच नाही, असा मजेदार किस्सा आहे. पण त्या आठवणी छापल्या १८३७ मध्ये, चाळीसेक वर्षांनी. त्यावर लेखाचा मुख्य डोलारा उभारू नका.

उंबरठा
लग्नं विसरू नका, सगळी मेख तिथेच आहे. बेतात प्रत्येकाला जोडीदारीण हवी होती. त्या मिळाल्या फ्रिकर घराण्यातल्या तीन सख्ख्या बहिणी. बेतातला तिसरा मित्र लव्हेल, त्याने मेरी फ्रिकरशी आधीच लग्न केलेलं; ४ ऑक्टोबर १७९५ ला कोलरिजने साराशी केलं, १४ नोव्हेंबरला साउदीने ईडिथशी. म्हणजे ते फिर्यादपत्र लग्नाच्या आदल्या दिवशीचं! साउदी लगेच मामाबरोबर पोर्तुगालला गेला. कोलरिजचा राग समजून घ्यायचा तर एवढं लक्षात ठेवा: ज्या बेतापायी साराशी लग्न ठरलं, तो बेत साउदीने सोडला, पण वचन दिलंयस तर लग्न कर, असा तगादाही साउदीनेच लावला होता.

मित्राचे साडू झाले की मैत्री मोडता येते, नातं नाही. १८०३ मध्ये साउदीची तान्ही मुलगी गेली, आणि ईडिथला बहिणीजवळ ठेवावं म्हणून तो कोलरिजच्या घरी, उत्तर इंग्लंडमधल्या केझिकच्या ग्रेटा हॉलमध्ये आला. कोलरिज १८०४ मध्ये माल्टाला गेला, परतल्यावर संसारात रमला नाही, १८१२ नंतर केझिकला आलाच नाही. साउदी मात्र १८४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. साराला आणि हार्टली, डरवेंट, धाकटी सारा या तिच्या मुलांना त्याच्या घराचा आधार होता. विधवा मेरी लव्हेलसुद्धा तिथेच.

पाणकळा
साडू हा शब्द डोक्यातच आला नव्हता! मग मैत्री संपल्याचं साल कोणतं धरू?

तळटीप
एकच साल धरू नका. १७९८ मध्ये साउदीने कोलरिजच्या 'एन्शंट मॅरिनर' या कवितेवर झोडपणारं परीक्षण लिहिलं, तर १७९९ मध्ये दोघांनी मिळून 'द डेव्हिल्स थॉट्स' ही कविता लिहिली. १८१७ मध्ये साउदीचं तरुणपणीचं बंडखोर नाटक 'वॉट टायलर' त्याला न विचारता छापलं गेलं, तेव्हा त्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांत कोलरिज होता.

लेखात दाखवायला एक ठोस खूण हवी असेल तर 'जोन ऑफ आर्क' घ्या. १७९६ च्या आवृत्तीत दुसऱ्या सर्गात कोलरिजच्या ओळी आहेत. १७९८ च्या आवृत्तीत साउदीने त्या काढून टाकल्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघा.