मदत हवी आहे: नाट्यगृह दिवसाही उघडं कसं ठेवायचं?

जाणकारांनो, शहराच्या मध्यवस्तीतल्या एका नाट्यगृहाच्या समितीत आहे. संध्याकाळी प्रयोगाला गर्दी, एरवी दिवसभर दाराला कुलूप. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलने १९८३ पासून फॉयर (प्रेक्षागृहाबाहेरचं प्रवेशदालन) दिवसा सर्वांना खुलं केलं, तिकीट नसलं तरी कुणीही येऊन बसावं. तसंच आम्हालाही करायचंय. फॉयरचं जमेल, पण अडतंय रंगमंचापाशी. बाहेरचा मोठा प्रयोग आला की नेपथ्य उभारण्यात आणि लाइट लावण्यातच अख्खा दिवस जातो, मग हौशी मंडळींनी तालमी करायच्या कुठे? (भाडं कमी करून उपयोग नाही, तारखाच मिळत नाहीत.) कुणी स्थानिकांसाठी तारखा आधीच राखून ठेवता का? त्या ऐनवेळी रिकाम्या राहिल्या तर काय करता? आणि दिवसा देखरेखीला माणसं कुठून आणता?